दोनशे पंचावन्नात तीन

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते आपोआप साचतात, कीबोर्डाच्या बटनांखाली शेंगदाण्याची टरफलं साचतात तसे. एक दिवस बटन दाबलं जात नाही, तेव्हा कळतं किती साचलंय ते. वडशाच्या राशीदभाईच्या सायबर कॅफेतले किस्से माझ्याकडे असेच साचले. लोक भेटले की म्हणतात, "सांगा ना भाऊ, तो पाखराचा!" मी सांगतो. सांगून सांगून आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वेळी हे कागद हातात द्यायचे आणि आपण चहा प्यायला मोकळं.

तर खाली आहे ते सगळं अक्षरशः खरं आहे. शपथेवर सांगतो. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

म्हणजे, एखादा असेल. मी झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर. अर्धं आयुष्य विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली. नट अडला आणि मला पुस्तकात पान सापडलं नाही की मी मनचं वाक्य द्यायचो. टाळी त्याला पडायची. ही सवय जात नाही. पण पाखराचं खरं आहे.

*

आमची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीपर्यंत गुंडाळतात. उरलेलं वर्ष नट, पेटीवाले, प्रॉम्प्टर, सगळे रिकामे. दोन हजार चार-पाचच्या आसपासची ती रिकामी वर्षं आम्ही राशीदभाईकडे काढली. दुकान मूळचं त्याच्या अब्बांचं. बोर्डावर वर 'घड्याळ दुरुस्ती', खाली ताज्या रंगात 'इंटरनेट'. आत चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि काउंटरवर अब्बा. डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडलेलं घड्याळ, आणि बहुतेक वेळ डुलकी.

दोन नंबरच्या मशीनवर एक गेम होता. राशीदभाईनं नागपुरातून आणलेल्या कुठल्याशा सीडीतून निघाला. गेम साधा. गवतातून चालायचं. गवतातून राक्षस निघतो. कधी उंदरासारखा, कधी पाखरासारखा, कधी नुसताच दात आलेला भोपळा. आपल्याजवळच्या राक्षसाकडून त्याला बडवायचं. अर्धमेला झाला की त्याच्यावर गोळा फेकायचा. राक्षस गोळ्यात जातो, गोळा हलतो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा हलून शांत झाला की राक्षस आपला. नाहीतर गोळा फोडून बाहेर! असे सगळे पकडले की यादी पूर्ण.

आणि अक्षरं सगळी जपानी. चिनीही असतील. कोणाला काय कळतं! राशीदभाई म्हणायचा, "जबान उनकी, उंगली अपनी. खेलो!"

आम्ही खेळलो. चाळिशीतली माणसं, बायकापोरं असलेली, भर दुपारी एका मशीनभोवती सहा खुर्च्या. एकच खेळ सगळ्यांचा, एकच यादी. घरी सांगायचो, तालीम आहे.

*

अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे गोळा कधी धरतो आणि कधी फुटतो हे कोणालाच माहीत नव्हतं. एका दुपारी मी सहज म्हटलं, "गोळा हलत असला की खालच्या बाणाचं बटन दाबून धरायचं. तीनदा हलेपर्यंत सोडायचं नाही. हमखास धरतो."

कुठून आलं हे वाक्य? कुठूनच नाही. तोंड रिकामं होतं.

आठ दिवसांत अख्खं कॅफे खालचं बटन दाबायला लागलं. महिन्याभरानं आरमोरीचा एक अनोळखी माणूस माझ्या शेजारी बसला आणि मलाच म्हणाला, "भाऊ, तुमाले इतकंही मालूम नाई का? खालचं बटन दाबून ठेवा लागते!"

मी म्हटलं, "हो का? बरं झालं सांगितलं."

तिसऱ्या कीबोर्डाचं तेच बटन तुटलं तेव्हा राशीदभाई वैतागला. "यार, हा खालीवालाच काऊन तुटते? वरवाला पाहा, नवा कोरा! कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाले हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पेपरात आलं होतं," मी म्हटलं.

"कोणत्या पेपरात?"

"जपानी."

आता खरं सांगतो. गोळा हलायला लागला की माझंही बोट खालच्या बटनावर जायचं. न जाणो!

*

या सगळ्यात एकटा माणूस गंभीर होता. मेश्राम गुरुजी. शाळेत गणित शिकवायचे. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. सुट्टीत रोज यायचे. त्यांनी एक वही केली होती. कोणता राक्षस, किती बडवलेला, किती गोळे लागले. माझ्या बटनाची अफवाही त्यांनी वहीत तपासली आणि एक दिवस शांतपणे म्हणाले, "बटन दाबून पन्नास, न दाबता पन्नास. फरक नाही हो."

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही श्रद्धेनं दाबलं नसेल."

मग त्यांनी राशीदभाईला इंटरनेट लावायला सांगितलं. फोनची लाईन, पान उतरायला अर्धा तास. कोणीतरी इंग्रजीत सगळं गणित मांडून ठेवलेलं होतं. गुरुजींनी छापून घेतलं, लाल पेनानं खुणा केल्या आणि आमचा वर्ग घेतला.

"हे बघा. प्रत्येक राक्षसाला एक नंबर दिलेला आहे. जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न. नंबर जितका मोठा, तितका लवकर सापडतो. अंगात पूर्ण जीव असेल तर नंबराचा तिसरा हिस्साच धरायचा. म्हणून आधी बडवायचं. झोपवला तर दुप्पट. मग मशीन आतल्या आत दोनशे पंचावन्नातली एक चिठ्ठी काढते. चिठ्ठी नंबराच्या आत आली की पकडला."

आमच्या नाटकातले बाबाराव म्हणाले, "काई समजलं नाई."

"बाबाराव, दोनशे पंचावन्न म्हणजे वडसा-ब्रह्मपुरी गाडी. हात केला की थांबते. आणि शेवटचं जे राखाडी पाखरू आहे ना, डोंगरातल्या गुहेत बसलेलं, त्याचा नंबर आहे तीन."

"तीन म्हणजे?"

"भामरागडची गाडी."

हसलो आम्ही. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या बदलीचा आदेश आला होता. भामरागड. तिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की माणूस इकडचा इकडे, तिकडचा तिकडे. लाईटचा भरवसा नाही, कॉम्प्युटर तर लांबची गोष्ट. बदली रद्द व्हावी म्हणून त्यांनी अर्जावर अर्ज केले होते. पाऊस लागायच्या आत हजर व्हा, एवढंच उत्तर.

मी चावटपणा केलाच. "गुरुजी, तुमच्या अर्जाचा नंबर किती?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "शून्य. त्याला कितीनंही गुणा."

थोड्या वेळानं स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं निदान तीन आहेत. जायच्या आधी एवढं पाखरू पकडून जाईन म्हणतो."

यादीत तेवढंच राहिलं होतं.

*

तुम्ही म्हणाल, हमखास धरणारा एखादा गोळा नव्हता का? होता ना! अख्ख्या गेममध्ये एकच. काहीही असो, कोणीही असो, फेकला की पकडला. गुरुजींनी तो पहिल्या वर्षापासून पाखरासाठी राखून ठेवला होता.

बाबाराव आमच्या कंपनीतले खलनायक. मिशी खरी, आवाज त्याहून खरा. एन्ट्रीला पुढच्या रांगेतली पोरं रडायची. एकदा गुरुजी पोस्टात गेले आणि बाबाराव मशीनवर बसले. गवतातून निघाला एक उंदीर. सगळ्यात फालतू राक्षस. बाबारावांनी गोळा फेकला. उंदीर बाहेर! दुसरा फेकला. बाहेर! तिसरा. पुन्हा बाहेर, आणि बाहेर येऊन दात दाखवले.

बाबाराव खुर्चीतून उठले. "माह्या तोंडावर? तीनदा?"

मी म्हटलं, "बाबाराव, जाऊ द्या, उंदीर आहे."

"उंदीर असो का वाघ! स्टेजवर माह्यापुढं कोणी दात काढत नाई!"

आणि त्यांनी हुकमी गोळा काढला. फेकला. धरला. वर कडी म्हणजे खूश होऊन गेम सेव्ह केला.

गुरुजी परत आले. आम्ही सगळे पंख्याकडे पाहत होतो. त्यांनी यादी उघडली, गोळे मोजले, उंदीर पाहिला. बाबारावांच्या कपाळावर घाम. मग गुरुजींनी हळू विचारलं, "बाबाराव, पकडलेल्याला नाव देता येतं. दिलं का?"

"नाई दिलं."

गुरुजींनी उंदराचं नाव बाबाराव ठेवलं. मशीनवर जपानीच अक्षरं होती म्हणून ते नाव वहीत लिहिलं, लाल पेनानं.

*

मडावी भाऊ वनरक्षक. बिबट गावात शिरला की पिंजरा लावायला यांनाच पाठवत. काम पुरं झालं की जंगलातून थेट कॅफेत, बुटाला चिखल तसाच. गेम आवडायचा, पण एक अडचण होती. मडावी राक्षसाला बडवत नसत.

गुरुजींनी समजावलं, "भाऊ, आधी मारा. जीव कमी करा. मग गोळा."

"मारू काऊन?"

"नंबर वाढतो."

"आन जखम झाली तं? पंचनामा कोन करंल? डॉक्टर बोलवा, साहेबाले कळवा, फोटो काढा, चार कागदं लिहा. आमच्यात जनावराले ओरखडा दिसला की आमचीच चौकशी लागते, गुरुजी. मी पिंजरा लावतो. लाठी नाई मारत."

"अहो, हा गेम आहे!"

"जनावर तं जनावरच हाये ना?"

त्यामुळे मडावींना काही म्हणजे काही सापडत नसे. दिवसाला तीस गोळे फुटायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "बिबटासाठी आमी कधी कधी एकवीस दिवस बसतो. शेवटी पिंजऱ्यात कुत्रं जाते."

एकदा तर त्यांनी कमालच केली. गोळा फेकला आणि आम्हाला म्हणाले, "चला, सगळे बाहेर! मानसाची नजर असली का जनावर पिंजऱ्यात थांबत नाई. मागं पाहू नका."

मे महिना, वडशाचं ऊन. गणिताचे गुरुजी, खलनायक, प्रॉम्प्टर, मालक राशीदभाई, सगळे रस्त्यावर, दुकानाकडे पाठ करून. समोरचा पानवाला ओरडला, "कोनी मेलं का हो?"

"चूप!" मडावी म्हणाले. "हलून राह्यला."

पाच मिनिटांनी आत गेलो. भोपळा पकडला गेला होता! गुरुजींनी वही उघडली. वहीत कोणत्या रकान्यात लिहावं हेच त्यांना कळेना.

मलाही आनंद झाला. फक्त घाईत दाराशीच राहिलेली माझी चप्पल गेली होती. तिकडेही कोणाची नजर नव्हती ना.

*

जून लागला. गुरुजींनी पाखरासमोर उभं राहून गेम सेव्ह करून ठेवला होता. गोळे संपले की मशीन बंद, पुन्हा सुरू, पुन्हा पाखरू समोर. पाखरू कुठं जात नव्हतं. जाणार गुरुजी होते. शनिवारी बदलीच्या गावी हजर व्हायचं होतं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. आम्हीही थकलो. तेच पाखरू, तोच आवाज, एकदा हलला, फुटला. दोनदा हलला, फुटला. गुरुजींच्या बोटाला घट्टा पडला. घरी त्यांची बायको सामान बांधत होती आणि हे इथे पाखरू झोपवत होते. एकदा ती दारापर्यंत आली, आत पाहिलं, आणि काही न बोलता परत गेली. ते मला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

बुधवारी जमलं. पाखराचा जीव लाल रेघेवर, अगदी केसाएवढा. वर झोपलेलं. गुरुजींनी गोळा फेकला. एकदा हलला. दोनदा हलला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरलेला, माझं बोट हवेतच खालचं बटन दाबतंय, आणि...

लाईट गेली.

पंखा हळूहळू थांबला. काळ्या स्क्रीनमध्ये आमचे सहा चेहरे दिसत होते. तिसऱ्यांदा हलला असता का? हे आता जगात कोणालाच कळणार नव्हतं.

काउंटरवर अब्बा जागे झाले. तीन वर्षांत गेमबद्दल एक शब्द न विचारलेला माणूस. भिंग वर करून म्हणाले, "पकडा क्या?"

गुरुजी म्हणाले, "अर्धा, अब्बा."

*

शुक्रवारी दुपारी तीनची गडचिरोली गाडी. तिथून आलापल्लीला मुक्काम, सकाळी पुढे. बायको नंतर येणार होती, घर पाहून. गुरुजी एक वाजताच कॅफेत आले. लोखंडी ट्रंक दाराशी ठेवली आणि बसले.

पावणेतीनपर्यंत तीनदा गोळे संपले. चौथ्यांदा मशीन सुरू केली आणि वही मिटली. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मडावी भाऊ, तुम्ही बसा."

बाबाराव म्हणाले, "अहो गुरुजी, हा मारतही नाई!"

"माहीत आहे. बसू द्या."

मडावी बसले. मारलं नाही, झोपवलं नाही. पाखरू ताजंतवानं, पंख पसरून समोर. मी गुरुजींना हळूच विचारलं, "असा नंबर किती?"

"तिनाचा तिसरा हिस्सा. दोनशे पंचावन्नात एक." मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आणि बारा मिनिटं."

मडावींनी गोळा फेकला. फुटला. दुसरा फुटला. तिसरा हललाही नाही. सातव्याला बाबाराव उठून पानाला गेले. दहावा एकदा हलून फुटला. शेजारच्या स्टँडवर कंडक्टरची शिटी ऐकू आली. राशीदभाईनं ट्रंक उचलली. "गुरुजी, चलो. गाडी लगी."

अकरावा फेकला.

एकदा हलला.

दोनदा.

तीनदा.

आणि थांबला.

विश्वास बसायला वेळ लागला. मग राशीदभाईनं ट्रंक खाली टाकली आणि मला मिठी मारली. बाबाराव तोंडात पान घेऊन धावत आले आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की अब्बांच्या हातातलं घड्याळ पडलं. यादी उघडली. शेवटची रिकामी जागा भरली होती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पाहिलं.

मडावी एकटेच खुर्चीत होते. म्हणाले, "गुरुजी, नोंद झाली ना?"

"झाली, भाऊ. झाली!"

"सोडलं तरी नोंद राहते?"

"राहते," गुरुजी म्हणाले. गणिताचा माणूस, विचारलं ते सांगितलं.

"मंग जिथलं त्याले तिथीच." आणि मडावींनी पकडलेल्यांची पेटी उघडली, पाखरावर गेले, आणि वरून तिसरं, सोडून द्यायचं बटन दाबलं. पाखरू लहान लहान होत गेलं. स्क्रीनवर जपानीत एक ओळ आली. पाखरू गेलं.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! बाबारावांनी मडावींची कॉलर धरली. "अबे! तीन वर्सं! तीन वर्सं गेली त्याच्यात!"

मडावी शांत. "पकडून ठेवाचा आदेश होता का? आमी तं पकडतो, नोंद करतो, आन सोडून येतो. नाई तं कोठी ठेवता?"

राशीदभाई ओरडला, "सेव नहीं किया अभी! मशीन बंद करो! पहले का सब वापस आएगा!" बाबारावांनी कॉलर सोडून स्विचवर हात ठेवला. बंद केलं असतं तर पाखरू पुन्हा गुहेत समोर उभं असतं. नोंदही गेली असती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

गुरुजींनी बाबारावांचा हात स्विचवरून काढला. ट्रंक उचलली. दारात वळून मडावींकडे पाहिलं आणि म्हणाले,

"सेव्ह करा."

आणि गाडी गाठायला धावले.

आता तेवढं शपथेचं राहिलं. यात मी बनवलेलं एकच आहे. अकरावा गोळा. मडावींनी फेकला तो पहिलाच गोळा होता, आणि पहिल्याच गोळ्यात पाखरू सापडलं. पण तसं सांगितलं की लोक म्हणतात, काहीही फेकतो हा माणूस. म्हणून मी अकरा सांगतो.